झुंबरबाईची हरकत

“हरकत कोणाची?” नगरहून आलेल्या साहेबानं चावडीत विचारलं.

झुंबरबाईनं हात वर केला. कोपरापर्यंत तेलानं चकाकत होता तो. पहिलटकरीण लेक रतन माहेरी आली होती. तिचं पोट चोळता चोळता झुंबरबाई तशीच उठून आली होती.

“जरा थांबा. आधी बाईंची परीक्षा,” साहेब म्हणाला.

बाई म्हणजे मार्थाबाई. जर्मनीची नर्स. अठरा वर्षांमागं एक पेटी अन् एक छत्री घेऊन मिरजगावात उतरली, ती परत गेलीच नाही. आता सरकारचं पत्र आलं होतं. इथं राहायची मुदत संपली. एक तर इथली नागरिक हो, नाहीतर महिनाअखेरीला आपल्या मुलखाला जा. मग गहिनीनाथ वकिलानं तिचा अर्ज केला. चांगल्या वागणुकीच्या दोन साक्षी जोडल्या. कुणाची हरकत असेल तर कळवावी, अशी पेपरात नोटीस दिली. गावानं त्या पेपरात भजी बांधून नेली. झुंबरबाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी कर्जतची कचेरी गाठली अन् हरकतीच्या कागदावर आंगठा उठवला.

झुंबरबाई गावची सुईण. तिची सासू सुईण, सासूची सासू सुईण. म्हणतात की झुंबरबाई दारात येईपर्यंत पोरं आत थांबून राहायची. अन् मग ही मार्थाबाई आली. बाया हळूहळू तिच्याकडं वळल्या. पाचवीला सटवाईची पूजा झाली की सुइणीला लुगडं नेसवायचं, हा गावचा रिवाज. ती लुगडी आता मार्थाबाईच्या घरी जायला लागली. झुंबरबाई उंबऱ्यात बसून एकेक काठ डोळ्यांनी मोजायची. हिरवं इरकल गेलं त्या दिवशी ती जेवली नाही. तिच्या जळफळाटानं म्हणे शेजारच्या तीन घरांतलं दूध नासलं. मार्थाबाईला ती नावानं हाकच मारत नसे. ‘जर्मनचं पातेलं’ म्हणायची. वजनाला हलकं, आवाजाला मोठं.

परीक्षा सुरू झाली. वकिलानं मार्थाबाईला पंधरा दिवस पढवलं होतं. शुद्ध बोलायचं. रागवायचं नाही. गावचं बोलणं तर ओठावर आणायचंच नाही.

“या दुष्काळात आपण काय काम केलं?” साहेबानं विचारलं.

“महोदय, मी... खडी फोडणाऱ्या स्त्रियांची शुश्रूषा केली आहे. केली होती. करीत... असते.”

“बरं. पावसाबद्दल काही सांगा.”

“महोदय, पर्जन्य...” मार्थाबाईला घाम फुटला. पर्जन्याच्या पुढं काही येईना.

साहेबानं चष्मा काढला. “वकीलसाहेब, हे सगळं पाठांतर आहे. यांना मराठी येत नाही, असंच मला लिहावं लागेल.”

वकिलाचं तोंड उतरलं. मार्थाबाई खाली मान घालून आपल्या हातांकडं बघत राहिली. अठरा वर्षांत तिला अशी गप्प कुणी पाहिली नव्हती.

“आता तुमची हरकत सांगा, आजीबाई.”

झुंबरबाई उठली. साहेबाकडं गेलीच नाही. मार्थाबाईसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सायेब, हिनं पुंजारामाच्या पोराची नाळ वाकडी कापली. म्हनून ते फेंगडं चालतंय!”

मार्थाबाईचे कान लाल झाले. वकील हातानं खुणा करायला लागला, नको, नको.

“आन् खडीवर कडूबाई मोकळी झाली, तवा ही सावलीत च्या पीत बसल्ती!”

मार्थाबाई ताडकन उठली.

“कोन सावलीत गं, जळकुकडे? सावली हुती का तिथं बोटभर? माजं नेसतं लुगडं फाडून आडुसा केला मी, तवा ती मोकळी झाली! आन् पुंजारामाच्या पोराची नाळ कुनी कापली? तूच की, गंजक्या इळ्यानं! चार दिस मांडीवर घेऊन बसले मी त्याला, तवा जगलं. तोंड हाय का तोफखाना तुजं?”

चावडीपुढच्या चिंचेवरची वटवाघळं उडाली. वेशीबाहेर एष्टी थांबली, ती पार ऐकून झाल्यावरच हलली. अन् वकिलानं डोक्याला हात लावला.

साहेबानं चष्मा परत चढवला. बराच वेळ लिहीत राहिला. “भाषा येते,” तो म्हणाला. “आमच्यापेक्षा बरी येते. आजीबाई, तुमची हरकत पुढं चालवायची ना?”

“कसली हरकत?” झुंबरबाई म्हणाली. “मला काय ठावं? कुनाचा बी आंगठा आसंल.”

अन् पदर खोचून ती बाहेर पडली.

मार्थाबाई पायरीवर आली तरी धुसफुसत होती. झुंबरबाईनं तेलकट हातानं तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

“मार्थे,” ती म्हणाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. “तीन दिस तेल लावतीया. रतनचं पोर फिरंना. आडवं हाय. पुढल्या म्हैन्यात दिस भरत्यात. माज्या हातचं न्हाई ते.”

मार्थाबाईचा राग कुठल्या कुठं गेला. ती पिशवी घ्यायला म्हणून भराभरा घराकडं चालायला लागली.

झुंबरबाई दहा पावलं गुमान तिच्या मागनं गेली. मग थांबली.

“पोर तू सोडव,” ती ओरडली. “पर पाचवीचं लुगडं मी घेनार!”