तिसरा शेरा

“कोणी इश्वास ठेवणार नाई, सायेब,” ट्रकवाल्या देवमननं ओसरीवर सुरुवात केली. लायसनवर दंडाचे दोन शेरे होते; तिसरा पडला की लायसन जमा, अन् पिकल्या मिशांनी पुन्हा शिकाऊ होऊन परीक्षा. परवा भातकुलीच्या सडकेवर एक म्हातारा चाकाखाली मेला होता. त्याची बायको जाईबाई खांबाला टेकून बसलेली. देवमन तिच्याकडे न बघता रंगात आला. “म्या रबरी भोंगा असा पिळला, का अचलपूरचे कबुतरं उडाले! नांदगावच्या बायायच्या भाकरी तव्यावरच उलटल्या! बुढाच हटला नाई, त्याले मी काय करू?” चौकशीच्या सायबालाही हसू आलं. जाईबाईनं पदर तोंडाला लावला. चहा घेऊन आलेली देवमनची बायको तिच्याकडे बघत थांबली. “काहून खोटं बोलता? भोंगा त त्या दिवशी तुमीच काढून नातवाच्या पाळण्याले बांधला होता. अजूनई तिथंच हाय.”