मोकळा आवाज

भावाच्या हळदीला माहेरी, अनसिंगला जायचं म्हणून वैजयंतीनं पिशवी भरली, तर नवऱ्यानं, ऋषिकेशनं, ती उचलून माळ्यावर टाकली. "जाऊन काय करशीन? हयदीचं गानं म्हन इथं, मी रेकॉर्ड करून धाडतो."

वर्ष झालं, त्यानं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता. तिचा फोनही त्याच्याकडेच. माहेरून कोणी विचारलं की "झोपली हाये" एवढंच सांगायचा.

पण गाण्याला ती लगेच हो म्हणाली. तिनं नुसतं "बाबा" म्हटलं तरी पोर जेवली की उपाशी, हे बाबा ओळखायचे. खिडक्यांना गोधड्या ठोकून ऋषिकेशनं घरातच केलेल्या स्टुडिओत, माइकसमोर, तिनं कढ आवरला नाही. ओळीओळीला गळा भरून येऊ दिला. बाबांना कळेल. ते जीप करून येतील.

ऋषिकेश रागावला नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजातले दोष काढून टाकायला कॉम्प्युटरमध्ये त्यानं एक वेगळं कार्ड बसवलं होतं. गाणं त्यातून एकदा फिरवलं. हुंदके गेले, कंप गेला, सूर जागच्या जागी बसले.

हळदीच्या दिवशी बाबांचा फोन आला. ऋषिकेशनं पहिल्यांदाच स्पीकर लावला आणि तिला गप्प बसायची खूण केली. पलीकडे मांडवात तिचंच गाणं वाजत होतं.

"जवाईबापू, राग मानू नका. पोरीचा लय घोर लागला होता. आज तिले न्यायलेच निंगालो होतो, जीप दारात उभी होती." बाबा हसले. "पन गानं आयकलं. कसा मोकळा आवाज लागला तिचा! मंग जीप वापस धाडली."