गुळपाणी

मधोमध काळा.

पौर्णिमानं सुरीनं पट्टा उभा चिरला आणि दोन्ही अर्धे टेबलावर उघडे टाकले. वरून पिवळा, खालून पिवळा. आत कोळसा. बोट लावलं तर काचेचे तंतू राखेसारखे सुटून आले.

"आजही?" भैय्याजींनी विचारलं. कारखाना त्यांचा. टिनाच्या छपराखाली घालायचे काचेच्या कापसाचे पट्टे इथं बनतात.

"आजही."

"अन् सकाळच्या पाळीतला माल?"

"तो चांगला निघाला."

म्हणजे बिघाड दुपारच्या पाळीतच. दुपारी भट्टीवर बापूराव. बापूराव म्हणजे पौर्णिमाचे वडील. हे भैय्याजींनी बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती.

काचेचे तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांवर बाईंडर फवारतात आणि भट्टीत भाजतात. जुना बाईंडर फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाचा. बापूरावांचं सारं वय त्याच्या वाफेत गेलं. संध्याकाळी त्यांच्याआधी त्यांचा खोकला घरी यायचा. गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की पौर्णिमाची आई, धुरपताबाई, चहाचं आधण ठेवायच्या. पौर्णिमा रसायनशास्त्र शिकली ती त्या खोकल्याच्या रागानं. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि भैय्याजींच्या हात धुऊन मागे लागून तिनं नवा बाईंडर आणवला. साखरेचा. फॉर्मल्डिहाइडचा थेंब नाही. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: गुळपाणी.

भट्टीचा काटा हवेचा ताप सांगतो. पट्ट्याच्या पोटातलं तो सांगत नाही, ते नाकालाच कळतं. पाकासारखा वास सुटला की पट्टा बाहेर. करपट सुटला की गेला. तिनंच हे सगळ्यांना शिकवलं होतं. "घरच्या चिक्कीसारखं आहे, बाबा. सोपं."

बापूराव हसले होते. "मॅडम म्हणतात तं सोपंच असन."

"मॅडम," भैय्याजी आता म्हणत होते, "खराब काय आहे तेवढं सांगा. बाईंडर खराब असन तर उद्या जुन्याचे ड्रम मागवतो. माणूस खराब असन तर माणूस बदलतो. दोन्ही खराब ठेवून कारखाना चालत नाई."

"पाहून येते," ती म्हणाली.

शेडमध्ये पाय टाकताच तिनं ओढणी नाकावर दाबली. करपलेल्या साखरेचा वास घशात उतरत होता. पट्टे उचलणाऱ्या सचिननं तोंडाभोवती रुमाल आवळून बांधला होता.

"ताई, काका आज चिक्की नाई, कोळसाच पाडून राह्यले," तो रुमालातून बोलला. "आता शेकोटीची चिंता नाई आपल्याले."

बापूराव भट्टीच्या तोंडाशी उभे. गमछा खांद्यावर जसाच्या तसा. नाक-तोंड उघडं. वाफ सरळ चेहऱ्यावर येत होती आणि ते पट्ट्याकडे पाहतच नव्हते. ते सचिनकडे पाहत होते. त्याच्या चेहऱ्याकडे. पण रुमालाच्या वर सचिनचे नुसते डोळे दिसत होते.

"बाबा!" तिचा आवाज फाटला. "तुमच्यासाठीच आणलं न हे मी? मंग काऊन जाळून राह्यले? सकाळचे लोक बरोबर काढतात. तुम्हालेच काऊन जमत नाई? का पोरीचं ऐकायचं नाई म्हणून..." ठसका लागला. ओढणी तिनं अजून घट्ट दाबली. "इतका करपट वास सुटला, अन् तुम्ही उभेच!"

बापूराव वळले. तिच्या तोंडाकडे नाही, नाकावरच्या ओढणीकडे त्यांनी पाहिलं.

"सुटला का?"

हळूच विचारलं. एखादी पाटी वाचता येत नसली की माणूस शेजारच्याला विचारतो तसं.

तिला आठवली तळाला लागलेली वांग्याची भाजी. आई हळहळते, बाबा मुकाट जेवतात. किती भला माणूस, कधी नाव ठेवत नाही.

शेगडीची नळी सुटलेली. घरभर गॅस. बाबा तिथंच बसून पेपर वाचतात. सगळे हसले होते तेव्हा. तीही.

सगळे.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"मालूम नाई. हळूहळू गेलं." ते पुन्हा भट्टीकडे वळले. "सांगणार होतो तुले. पण तू इतकी खुश होती."

मागे पावलं वाजली. भैय्याजी चिरलेल्या पट्ट्याचा तुकडा घेऊन स्वतःच आले होते. रुमालानं नाक पुसत त्यांनी तो तिच्यासमोर धरला.

"बोला मॅडम. बाईंडर का माणूस?"

माणूस म्हटलं, तर बापूरावांसारखा ठेक्यावरचा माणूस भट्टीवरून उतरला की सरळ गेटाबाहेर. मधे कुठं बसायला जागा नसते. बाईंडर म्हटलं, तर उद्यापासून तीच जुनी वाफ, याच तोंडावर. सचिनच्याही. ज्याचं नाक अजून शाबूत आहे त्या प्रत्येकाच्या. तिनं तोंड उघडलं. आतून कोणता शब्द निघणार, तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"तिले नोका विचारू, भैय्याजी," बापूराव म्हणाले. पाठ फिरवूनच, धुराकडे तोंड करून. "पोरीचा बाईंडर चांगला आहे. पण माह्यासाठी जुनाच मागवा. त्याच्यानं डोळे झोंबायचे. झोंबणं थांबलं का माल शिजला, एवढं मले अजून कळते."