आठ पूर्ण

"सातच वर्षांची होती ना? मग काही करायची गरजच नाही," एलिहू म्हणाला आणि त्याने टाक खाली ठेवला.

सेंट जॉर्ज शहरातल्या मंदिरात बाप्तिस्म्यासाठी नावं लिहून घ्यायचं काम तो वीस वर्षं करत होता. टेबलापलीकडे थर्झा उभी होती, तिच्या मागे तिची मुलगी रोडा. दोन दिवस गाडीतून लाल धूळ खात दोघी इथवर आल्या होत्या. थर्झाच्या छातीत पाणी होत होतं. हा उन्हाळा निघेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. गावात नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या नावाशेजारी तिचंही नाव आधीच कोरून ठेवलेलं होतं. फक्त तारखेची जागा मोकळी होती.

त्याआधी तिला एवढं एक काम उरकायचं होतं. मेलेल्या माणसाच्या वतीनं जिवंत माणसानं हौदात बुडी घेतली की त्याला बाप्तिस्मा पोचतो. थर्झाला डॉर्कससाठी पाण्यात उतरायचं होतं. डॉर्कस ही तिची धाकटी बहीण. अठराशे छप्पन साली पंथाचे लोक हातगाड्या ओढत इकडे वस्तीला येत होते तेव्हा बर्फातच राहिलेली.

"आठच्या आतल्या लेकराला पाप लागत नाही, भगिनी थर्झा," एलिहू समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती केव्हाच देवाजवळ गेली. तुमच्या-माझ्यासारखी रांगेत उभी नाही."

"जी गेली तिला आठ पूर्ण झाली होती."

"तुमच्या गावच्या पुस्तकातून उतरवून आणलेला कागद आहे हा. यात डॉर्कस, वय सात."

"आईनं सांगितलं ते लिहिलंय त्यात."

"आता आईला पोरीचं वय ठाऊक नसणार आणि तुम्हाला असणार?"

थर्झाचे कान लाल झाले. ती कागदाकडे बघत राहिली.

"तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?"

"आईला दहावं लागलं होतं," रोडानेच उत्तर दिलं. "लिहा ना, बंधू एलिहू. एका बुडीनं तुमचा हौद आटणार नाही."

एलिहू हसला. "मी मंदिराच्या अध्यक्षांना विचारून येतो," म्हणाला आणि आत गेला.

दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या.

"कमाल आहे तुझी," रोडा म्हणाली. "शेजारी आपल्या पाळीचं पाटाचं पाणी वळवून घेतो, तेव्हा तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. आणि इथं देवाच्या दारात वाद घालतेस."

"वाद नाही घातला."

"मग काय केलंस? आणि दर चोवीस जुलैला आपले पहिले लोक इथं पोचल्याची मिरवणूक निघते, लोक तुला पुढच्या गाडीत बसवायला येतात, तेव्हा तू कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन लपतेस. हातगाडीवाल्यांतली आपल्या गावात आता तू एकटीच उरलीस, आई. लाज कसली वाटते?"

थर्झा हातातल्या रुमालाची घडी घालत होती. मोडत होती, परत घालत होती.

"मी तिच्या वाटचं पीठ खाल्लं," ती म्हणाली. "तुला कधी सांगितलं नाही. आठ वर्षांवरच्यांना पूर्ण माप मिळायचं, खालच्यांना अर्धं. ती गेल्यावरही आईनं ते माप बंद होऊ दिलं नाही."

"अर्धं माप पीठ. तेवढ्यासाठी पंचावन्न वर्षं?"

अर्धं, असं रोडा म्हणाली. थर्झाने ते दुरुस्त केलं नाही.

"तिचे बूटही मी घातले. बोटांपुढे चिंध्या कोंबायच्या आणि चालायचं."

"मेलेल्याला बूट कशाला लागतात? तू तरी कुठे धड होतीस? तूच सांगतेस, इथं पोचल्यावर तुझे पुढचे दात पडले."

"पडले."

"उपाशी पोर, दुसरं काय होणार. आजीनं तुला जगवलं. मेळाव्यात अजून तिचं नाव काढतात."

"म्हणूनच कुणाला सांगता आलं नाही," थर्झा म्हणाली. "तिला चोर ठरवायचं होतं का मी?"

एलिहू परत आला. "अध्यक्ष म्हणतात, बाईनं देवासमोर सांगितलं तर पुरे."

थर्झा उठून उभी राहिली. बाक धरावा लागला. "जी गेली तिला आठ पूर्ण झाली होती. देवासमोर सांगते."

एलिहूने सात खोडून आठ केलं.

बारा लोखंडी बैलांच्या पाठीवर तो हौद होता. पांढरे कपडे घालून थर्झा एकेक पायरी खाली उतरली. पाण्यात उभ्या असलेल्या तरुणाने तिला हात दिला.

"पाणी जरा गार आहे, भगिनी."

"मी प्लॅट नदी ऑक्टोबरच्या बर्फात पायी ओलांडलीय, बाबा."

तो ओशाळला. मग त्याने उजवा हात वर केला, आधी थर्झाचं नाव घेतलं, मग ती जिच्या वतीनं उतरली होती तिचं. डॉर्कस. सावकाश, स्पष्ट. थर्झाने डोळे मिटले. पाणी डोक्यावरून गेलं.

वर आली तेव्हा ती रडत होती. काठावरून रोडाने टॉवेल पुढे केला.

"झालं आता, आई. डॉर्कसमावशी सुटली."

थर्झाने मान हलवली. पंचावन्न वर्षांपूर्वी त्या पहाटे हातगाडीखाली, पीठ वाटायची घंटा व्हायच्या आत, आई तिचे बर्फासारखे पाय बहिणीच्या बुटांत घालत होती आणि कानाशी पुटपुटत होती, "थर्झा आता उठायची नाही. आजपासून तू थर्झा. कुणी विचारलं तर सांग, डॉर्कस गेली."