आतून लावायचं कुलूप

किल्ली पुन्हा उलटीच फिरली. राहीबाईनं दोन्ही हात वर केले आणि कुलपानंच वैर धरल्यासारखं लेकाकडं पाहिलं.

"आई, डावीकडं. दोनदा," बन्सी म्हणाला. इतके दिवस झाले, तरी त्याचा आवाज चढला नव्हता.

"माज्या हाताला वळनच न्हाई रं त्याचं."

खरंही होतं म्हणा. तिचा जन्म गेला शिंगणापुरात. शनीच्या त्या गावात घराला दारच नसतं, तर कुलूप कुठलं! रात्री कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवली की झालं. म्हणून तर बन्सीनं तिला सोनईला मामाच्या घरी आणलं होतं. मामाची आडत होती, आणि आडतीमागच्या खोलीच्या दाराला आतच बसवलेलं कुलूप होतं. किल्ली दोन्ही बाजूंनी फिरायची. जर्मनीत बन्सीच्या खोलीचं दार असंच होतं. तो तिथं कारखान्यात कामाला होता. आता रजा संपत आली होती, आईचा पासपोर्ट हातात पडला होता आणि तिला सोबत घेऊनच जायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

गोम एवढीच होती, की राहीबाईला जायचं नव्हतं. लेक एवढ्या लांबून आला, तिच्यासाठी खर्चात पडला. त्याला तोंडावर नाही म्हणवेना. मग तिनं आपली युक्ती काढली. काही म्हणजे काही शिकायचं नाही. थकून तोच म्हणेल, राहू दे आई, तुला नाही जमायचं. किल्ली तर तिला पहिल्याच दिवशी जमली होती. भावजय गोजरबाई पाण्याच्या टँकरवर गेली होती, तेवढ्यात तिनं गुपचूप फिरवून पाहिली होती. पण ताकास तूर लागू दिली नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार!

बन्सी मात्र नेटानं शिकवत होता. तिथं दुपारच्या वेळी आवाज करायचा नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. रविवारी धुणं वाळत घालायचं नाही. रस्ता मोकळा दिसला तरी लाल दिवा जाईपर्यंत उभं राहायचं. ज्याचा आठवडा असेल त्यानं जिना झाडायचा, नाहीतर शेजारीण बोलून दाखवते.

"आणि कुणाच्याही घरात असं सरळ शिरायचं नाही."

"चुलीला इस्तू मागायला बी न्हाई?"

"नाही."

गोजरबाई दारावरून जाता जाता थांबली. "वन्सं, तुमी तर तिथं मुक्यानंच मरताल!"

राहीबाई हसली. तिला मनातून बरंच वाटलं. नियम जितके जास्त, तितकं आपलं न जाणं सोपं.

बन्सीनं किल्ली परत तिच्या हातात दिली. "आता आतून लाव."

"आतून?" या खेपेला तिनं सोंग केलं नव्हतं. "आत मानूस असताना कुलूप?"

"तिथं तसंच असतं."

"मंग आलेल्याला कळावं कसं, आत कुनी हाय का न्हाई?"

"तो दार वाजवतो. आपण आतून विचारायचं, कोण आहे? मग उघडायचं."

"असं व्हय. आन् तुजं दार कोन वाजवतं?"

तिनं आपलं सहज विचारलं होतं. बन्सी चौकटीवरचा चुना नखानं खरवडत राहिला.

"येत आसतीलच की कुनी," तीच म्हणाली. "कामावरचं, शेजारचं."

"एकदा वाजलं हुतं," बन्सी म्हणाला. त्याचं शिकलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. "नाताळाच्या आदल्या रोजी. मी आदी चहाचं आधन ठिवलं, आन् मंग पळत जाऊन दार उघडलं. त्यान्ला वरल्या मजल्यावर जायचं हुतं."

इथं दुष्काळ आहे, प्यायला पाणी नाही, तू एकटी, तिथं सुखानं राहशील, असं हा आल्यापासून घोकत होता. लेक आपली काळजी करतोय, असंच राहीबाई समजून बसली होती. तिला त्या सोंगाची लाज वाटली.

तिनं किल्ली कुलपात घातली. डावीकडं दोनदा, उजवीकडं दोनदा. कुठंही न अडखळता. बन्सी बघतच राहिला.

"कवा निघायचं म्हनलास?"

"आई, तुला येत होतं?"

"ते ऱ्हाऊ दे. ही धर किल्ली, आत हो आन् लाव."

ती बाहेर आली. दार मिटलं. आतून किल्ली फिरल्याचा आवाज आला. राहीबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दार वाजवलं. तिनं पुन्हा वाजवलं.

"इचार की रं, कोन हाय म्हनून!"

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी हाय," राहीबाई म्हणाली. "आन् मला वरल्या मजल्यावर न्हाई जायचं. तुज्याकडंच आलेय."