बाहेर सदतीस

मॅगीच्या दिराने जर्मनीहून आणलेलं घड्याळ शुक्रवारी दुपारी तिच्या नवऱ्याने, रॉनीने, मुहर्रकच्या फ्लॅटमध्ये लावलं. रेडिओ सिग्नलवरून ते आपली वेळ आपणच लावणार होतं, पण तो सिग्नल बहारीनपर्यंत पोचेचना. काटे बारावर जाऊन खिळले.

"वेळ मरू दे, हवामान तरी दाखवतंय," म्हणत रॉनी सोफ्यावर आडवा झाला.

घड्याळाच्या पडद्यावर आत चोवीस होते, बाहेर सदतीस. मॅगीला हसू आलं. बाहेर ऑगस्टची भट्टी पेटलेली, आणि सदतीस? ताप नसलेल्या अंगाचा हा आकडा तर ती नर्स म्हणून रोज पेशंटच्या चार्टवर लिहायची.

"सेन्सर गॅलरीत नीट टांगलास ना?"

"संध्याकाळी टांगतो गं. खोक्यातच आहे, सेलही घातले नाहीत."

तेवढ्यात बाहेरचे एकोणचाळीस झाले. सवयीने तिने रॉनीच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

"तापलायस तू!"

"काहीतरीच. मस्त आहे मी."

तिने गोळी दिली, अंग ओल्या फडक्याने पुसलं. आकडा उतरत सदतीसवर आला. "जेजू, तुझे उपकार," क्रूसाची खूण करत ती पुटपुटली.

आकडा थांबला नाही. चौतीस. तीस. तिने त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, तळवे चोळले, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. रॉनी तिच्या धावपळीला हसत होता. सव्वीस. चोवीस. आत आणि बाहेर एकच झालं.

भिंतीवरचे काटे सरसर फिरले आणि बरोबर वेळेवर थांबले.

"बघ, मिळाला सिग्नल!" रॉनी खुशीत म्हणाला.

मॅगीची बोटं त्याच्या मनगटावर होती. नाडी लागत नव्हती.