पेन्शन सुरू होईपर्यंत

घटस्फोटाची कल्पना सासऱ्याने मांडली, तेव्हा जावयाचा चहा बशीतच राहिला.

"कागदावरचा वो," शिवशरण म्हणाले. "नांदायला सुष्मिता तुमच्याकडंच येणार की, पावणं."

शिवशरण पालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते. बायको दानम्मा आधीच गेलेली. उचगावात दोन खोल्या आणि छातीत जन्मभराचा धूर, एवढी त्यांची कमाई. डॉक्टर अलीकडे नुसतं "बघू" म्हणत.

नियम असा होता. पेन्शनर आणि त्याची बायको दोघंही गेली की कुटुंब पेन्शन घटस्फोटित मुलीला मिळते, तहहयात. मात्र घटस्फोट बाप जिवंत असताना झालेला पाहिजे. नांदत्या मुलीला काही मिळत नाही. तिची काळजी नवरा घेतो, असं सरकारचं मत आहे.

गुरुसिद्ध कशी काळजी घेतो ते सुष्मिताच्या डाव्या कानाला माहीत होतं. त्या कानाने तिला आता ऐकू येत नसे. दोनदा ती माहेरी निघून आली होती. दोन्ही वेळा चार माणसं बसली आणि त्यांच्यासमोर गुरुसिद्धने सांगितलं, "मरेस्तोवर सोडचिठ्ठी देणार न्हाय. जाती कुठं बघतो." शिवशरण खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनीच तिला गडहिंग्लजच्या एसटीत बसवून दिलं.

आता तोच बाप पेन्शनीसाठी पोरीला काडीमोड घ्यायला लावत होता. शेजाऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी आधी नावं ठेवली असती आणि मग नियम नीट समजून घेतला असता.

गुरुसिद्ध कच्चा नव्हता. गडहिंग्लजात त्याचं मोबाईलचं दुकान होतं आणि एक वकील उधारीवरचं गिऱ्हाईक होता. वकिलाने नियम वाचला, उधारीची आठवण झाल्यावर पुन्हा वाचला. नियम पक्का होता.

पेन्शन किती, याचा अंदाज गुरुसिद्धला होताच. म्हातारा दर महिन्याला सुष्मिताच्या हातावर पैसे ठेवी आणि ते तिच्या हातातून गुरुसिद्धच्या खिशात येत. सात तारखेला. एक तारखेला बँकेत फार गर्दी असते, असं शिवशरण म्हणत. झोप येत नाही म्हणून, धाप वाढेपर्यंत ते एका फाउंड्रीवर रात्रीचे वॉचमन होते. वेळ जात नाही म्हणून टोपी घालून जुन्या पेन्शनच्या मोर्चाला जात.

"तुमी कशाला वरडताय तिथं?" गुरुसिद्धने एकदा विचारलं होतं.

"पोरांसाठी," शिवशरण म्हणाले होते.

दोघांच्या संमतीचा अर्ज कोर्टात पडला. विचार करायला सहा महिने मिळाले. तोवर सुष्मिताने बापाकडे राहायचं ठरलं, कारण वेगळं राहिल्याचं दिसायला हवं.

त्या सहा महिन्यांत गुरुसिद्धइतका चांगला जावई उचगावात दुसरा नव्हता. दर रविवारी तो सफरचंदं घेऊन येई. शिवशरणना श्वास पुरेना तेव्हा ऑक्सिजनचं मशीन त्यानेच भाड्याने आणलं. दवाखान्यात तो डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारी, जानेवारी निघेल ना? डॉक्टर नर्सला म्हणाले, असा जावई नशिबात असावा लागतो.

डिसेंबरात एका दुपारी शिवशरणचे ओठ निळे पडले. गुरुसिद्ध पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत राहिला. लग्नानंतर त्याने या घरात कुणाच्या अंगाला इतक्या मायेने हात लावल्याचं सुष्मिताने पहिल्यांदाच पाहिलं.

"तारीख कवा हाय?" शिवशरणनी डोळे उघडून विचारलं.

"पंधरवड्यानं, मामा. तेवढा दम धरा."

"धरतो."

त्यांनी धरला. कोर्टात जावयाने त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं, नळीसकट. न्यायाधीशबाईंनी सुष्मिताला विचारलं, कुणाचा दबाव आहे का? तिने बापाकडे पाहिलं. या वेळी त्यांनी मान खाली घातलेली नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली.

हुकूम हातात पडला आणि त्याच आठवड्यात शिवशरण गेले. लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. फायरमनला ते बरं. पहिला खांदा गुरुसिद्धने दिला आणि रडलाही. मशीनचं भाडं अजून चालूच होतं.

दिवस झाल्यावर त्याने सुष्मिताला बॅग भरायला सांगितलं.

"आधी पेन्शन सुरू होऊ दे," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं नांदते असं कळलं तर बंद करतील. अप्पांनी बजावलंय."

हे त्याला पटलं. बायकोला अक्कल आहे, असं त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

सोमवारी तो हुकूम आणि मृत्यूचा दाखला घेऊन पालिकेत गेला. टेबलामागे हंबीरराव होते, शिवशरणपेक्षा थोडे लहान, निवृत्तीला टेकलेले कारकून. मोर्चाची टोपी त्यांच्या खुर्चीला अडकवलेली होती. त्यांनी आधी दोस्ताबद्दल दोन शब्द काढले, चहा सांगितला. मग गुरुसिद्धने येण्याचं कारण सांगितलं.

हंबीररावांनी चष्मा काढून ठेवला.

"शिवशरणला कसली पेन्शन? उभा जन्म रोजंदारीवर काढला आणि पक्का झाला दोन हजार सहा साली. त्याच्या आदल्या सालीच सरकारनं पेन्शनचं दार लावलेलं. थोडं साठलं हुतं ते पोरीच्या लग्नात घातलं, तुमच्याच." खुर्चीला अडकवलेल्या टोपीकडे त्यांनी बोट दाखवलं. "पेन्शन असती तर धापा टाकत आमच्यासंगं मोर्चात कशाला चालला असता वो, पावणं?"